भाऊ दाजींच्या महालाचे गाऱ्हाणे

मुंबईतील भायखळ्याच्या जुन्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. त्या वास्तूवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. त्यांत पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेले पेडण्या-डिचोलीचे चाकरमानीही असतील. परंतु ज्याचे नाव त्या वास्तूवर कोरले आहे तो थोर पुरुष आपल्याच मांद्रे गावचा, हे त्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल? १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेला हा पेडणेकर. त्याने गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना काढला, काठेवाड-कच्छमधील बालहत्येवर निबंध लिहून पारितोषिक मिळविले, दोन वेळा मुंबईच्या शेरीफपदाचा मान मिळविला, आणि महारोगावर औषध शोधण्यासाठी संस्कृत वैद्यकग्रंथ व आपल्या सह्याद्रीतील वनस्पती एकाच निष्ठेने धुंडाळल्या. कडू कवठाच्या बियांचे तेल त्याने महारोग्यांवर वापरून पाहिले. पुढे १९४० नंतरच्या काळात सल्फोन वर्गातील औषधे येईपर्यंत त्याच जातीच्या तेलाचा जगभर महारोगावर उपयोग होत राहिला. १८७४ त भाऊ दाजी वारले. त्यांचे सारे कर्तृत्व मुंबईत घडले. मांद्रेच्या वाट्याला आला तो केवळ जन्मभूमीचा मान.

ही गोष्ट एकट्या भाऊ दाजींची असती तर आम्ही तिचा एवढा विस्तार केला नसता. पण तिला जोड आहे. बार्देशातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले डॉ. आकासियु व्हिएगश यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ज्वर आणि गाठी आलेले रोगी तपासले आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे निर्भयपणे जाहीर केले. व्यापाराला धक्का बसेल, घबराट पसरेल, म्हणून अशा वेळी गप्प बसण्याचा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक काळात असतात. व्हिएगश गप्प बसले नाहीत. उंदीर मारणे, वस्ती स्वच्छ करणे यांसाठी ते झटले; आणि वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरावर टोचून घेऊन सिद्ध केलेली लस लोकांपर्यंत नेण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो चित्रपटगृहाजवळचा त्यांचा पुतळा आजही त्या दिवसांची साक्ष देत उभा आहे.

त्याच प्लेगने १८९७ त पुण्याला दोन भिन्न धडे दिले. एकीकडे सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत असता स्वतः प्लेगने पछाडल्या जाऊन १० मार्च रोजी मृत्यू पावल्या. दुसरीकडे सरकारने सोल्जरांकरवी घरे धुंडाळली, देवघरे विटाळली, स्त्रियांची विटंबना होऊ दिली. आणि त्या संतापाची परिणती २२ जून रोजी चाफेकर बंधूंच्या पिस्तुलात झाली. रोग एकच, शहर एकच; पण एका मार्गाने विश्वास निर्माण झाला, दुसऱ्याने वैर. सार्वजनिक आरोग्याचा इतिहास म्हणजे केवळ लसींचा आणि जंतूंचा इतिहास नव्हे. लोकांनी कोणावर विश्वास टाकला आणि तो विश्वास कोणी सार्थ केला, याचाही तो इतिहास आहे.

आता प्रश्न असा की, गोव्याच्या मातीतील ही माणसे गोव्याबाहेरच का मोठी झाली? याचे उत्तर जुन्या गोव्याच्या भग्न भिंतींत आहे. ज्या राजधानीच्या वैभवाचे पोवाडे युरोपात गाइले जात, ती कोणा शत्रूच्या तोफांनी जमीनदोस्त केली नाही. ती महामारीने आणि हिवतापाने ओस पाडली. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपत होते आणि तेच पाणी लोक पीत होते. १५३४ साली गोव्यात आलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ त गोव्यातच छापून निघालेल्या आपल्या ग्रंथात पटकीच्या रोगाचे वर्णन करून ठेवले. येथील वैद्यांकडून आणि येथील झाडपाल्याकडून आपण पुष्कळ शिकलो, हे त्याने मोकळेपणाने मांडले. त्या विद्वानाचे पारितोषिक काय? तो वारल्यावर बारा वर्षांनी, १५८० त, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या! ज्ञानाला जाळणाऱ्या राजवटीला विहिरीतील विष दिसले नाही, यात नवल ते कसले? १७५९ त व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीस हलविले आणि १८४३ त राजधानी अधिकृतपणे तेथे आली. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे पाणी आणि पटकी यांचा संबंध दाखवून दिला तो १८५४ त. जुन्या गोव्याने हाच धडा आपल्या प्राणांचे मोल देऊन त्याआधी दीडशे-दोनशे वर्षे गिरविला होता. तो वाचणारे डोळे मात्र त्या वेळी नव्हते.

१८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा स्थापन झाली. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांत तिची गणना होते आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण तिच्यातून शिकून निघालेल्या कितीतरी डॉक्टरांना पोर्तुगीज सत्तेने मोझांबिक, अंगोला, गिनी अशा आफ्रिकेतील वसाहतींत पाठविले. घरचे दिवे परदारी लावण्याचाच हा प्रकार! डिचोली आणि सत्तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती पडली, पेडणे १७८८ त पडले. आणि तेव्हापासून 'नव्या काबिजादी' या नावाने ओळखल्या गेलेल्या या महालांकडे राज्यकर्त्यांनी पाहिले ते मुख्यतः महसूल आणि सरहद्द या दोन दृष्टींनी. येथील रयतेला आजारपणी आधार होता तो गावच्या वैद्याचा, आजीबाईच्या बटव्याचा आणि ग्रामदेवतेपुढे घातलेल्या गाऱ्हाण्याचा. त्या श्रद्धेची टर उडविणाऱ्यांतले आम्ही नव्हत. जिथे सरकार पोहोचत नाही तिथे माणसाने देवाला हाक मारायची नाही तर कोणाला?

या काळोखात एक ठळक अपवाद नोंदविलाच पाहिजे. बाणावली येथील डॉ. फ्रोयलानो द मेलो (१८८७-१९५५) हे जंतुशास्त्र आणि परोपजीवीशास्त्र यांचे जागतिक कीर्तीचे संशोधक. पण सूक्ष्मदर्शकात डोळा घालून ते स्वस्थ बसले नाहीत. पणजीच्या वैद्यकीय शाळेचे संचालकपद भूषविताना त्यांनी क्षय, महारोग आणि हिवताप यांविरुद्ध मोहिमा उभारल्या; माकाझानच्या कुष्ठधामाची उभारणी हे त्यांचे कार्य. असा माणूसही अखेरीस गोवा सोडून ब्राझीलला गेला आणि तेथेच त्याचा अंत झाला. भाऊ दाजी, व्हिएगश, मेलो या तिघांची नावे एका ओळीत लिहिली की, आपल्या भूमीची सुपीकता आणि आपल्या व्यवस्थेची वांझ वृत्ती या दोन्ही एकदमच दिसतात.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटू लागले, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९६३ त जुन्या शाळेच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय आले. तालुक्या-तालुक्यांत आरोग्य केंद्रे उघडली, परिचारिका डोंगर-घाट्या चढून वाड्यांवर जाऊ लागल्या. आपले लोक ज्या रोगाला 'देवी' म्हणत, त्याचे उच्चाटन याच काळात पूर्ण झाले. १७९६ त जेन्नरने शोधलेली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली, तेव्हापासून सुरू झालेली ही वाटचाल. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. पोलिओचा देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत गोव्याचा बालमृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ५ होता. त्याच वर्षी साऱ्या देशाचा २८ होता. ज्या घरात आजीने पाच बाळंतपणे सोसली आणि दोनच मुले हाताशी लागली, त्याच घरात आज नातसून निर्धास्तपणे बाळंत होते. स्वातंत्र्याने काय दिले, असे तिरकसपणे विचारणाऱ्यांना आम्ही हाच एक आकडा दाखवू.

परंतु स्वतंत्र राजवटीच्या हातूनही प्लेगकालीन चूक पुन्हा घडू शकते, हे १९८९ त गोव्यानेच पाहिले. बार्देशातील डॉमनिक डिसोझा या तरुणाने दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्तदान केले. त्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला, आणि पोलिसांनी त्याला धरून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकाकी डांबून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी सक्तीची तरतूद करून ठेवलेली होती! आईने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, देशभर चर्चा झाली. सुटून आल्यावर या तरुणाने लपून न राहता आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली. १९९२ त तो गेला. २०१७ साली एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा संसदेने केला. त्या कायद्यामागच्या दीर्घ लढ्यात या गोमंतकीयाचा वाटा पहिल्या फळीतला आहे. रोग्याला गुन्हेगार ठरविले की रोग लपतो, आणि लपलेला रोगच सर्वांत वेगाने पसरतो. ज्यांनी २०२० त करोनाच्या पहिल्या लाटेत शेजाऱ्याच्या दाराकडे संशयाने पाहिले, त्यांनाही हे आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही.

उलटपक्षी, नीट विचाराने आखलेली मोहीम काय करू शकते याचीही दोन उदाहरणे आमच्यापाशी आहेत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत व पुढे कळंगुट-कांदोळी पट्ट्यात हिवतापाने डोके वर काढले. कारण धुंडाळता असे दिसले की, बांधकामावर साचवलेले पाणी आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या हीच डासांची माहेरघरे झाली आहेत. तेव्हा केवळ गोळ्या वाटून न थांबता टाक्या झाकणे, पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पीसारखे मासे सोडणे, बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देणे, असा चहूबाजूंनी उपाय झाला आणि हिवताप ओसरला. दुसरे उदाहरण पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याने होणाऱ्या मृत्यूंचे. २०१४ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी गावोगाव हिंडून वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकविले. आणि २०१७ नंतर सलग काही वर्षे राज्यात या भीषण रोगाने एकही माणूस दगावला नाही. दोन्ही ठिकाणी यशाचे रहस्य एकच: इस्पितळाच्या दाराशी रोग्याची वाट पाहत न बसता रोगाच्या उगमाशी जाणे.

आता आमच्या महालांकडे वळू. २०१५ साली सत्तरीतील पाली गावात माकडतापाने प्रवेश केला. १९५७ त कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्याने माणसात येतो. त्याचा छडा लावला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. काजूच्या हंगामात पहाटे बागायतीत बोंडे गोळा करणारी बाई, गुरे राखणारा पोर, सरपण आणणारा गावडा, हे त्याचे भक्ष्य. २०१६ त हा रोग दोडामार्ग तालुक्यात दिसला, २०१७ त बांद्याच्या परिसरात. नकाशा डोळ्यांपुढे आणा: दोडामार्ग म्हणजे डिचोलीचा उंबरठा आणि बांदा म्हणजे पेडण्याचे दार. जुन्या लसीची परिणामकारकता अपुरी ठरल्याने तिचा वापर २०२२ त थांबला. म्हणजे आज भिस्त आहे ती मेलेल्या माकडाची खबर तत्काळ देणाऱ्या गावकऱ्यावर, रानात जाताना अंगाला लावायच्या प्रतिबंधक तेलावर आणि ताप येताच रक्त तपासणाऱ्या केंद्रावर. माकडाला आणि गोचिडीला ना गोव्याचे ओळखपत्र लागते, ना महाराष्ट्राचे. मग दोन्ही बाजूंच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी रोग आल्यावरच एकमेकांना पत्रे का धाडावीत? डिचोली, सत्तरी, पेडणे, दोडामार्ग आणि सावंतवाडी या पाच तालुक्यांची कायमस्वरूपी संयुक्त व्यवस्था का असू नये? २०१८ च्या आरंभी बांबोळीच्या इस्पितळात परराज्यातील रोग्यांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात केवढा क्षोभ झाला, हे वाचकांस स्मरत असेल. शुल्काचा हिशेब दोन सरकारांनी आपसांत जरूर करावा. पण सोयरीक, देवस्थान आणि बाजार ज्यांचे एकच आहेत, त्यांचे आरोग्यही एकच आहे, याचे भान त्या हिशेबात हरवू नये.

डिचोलीचे दुसरे दुखणे तांबडे आहे. खाणींनी या तालुक्याला रोजगार दिला आणि त्याच हाताने धूळही दिली. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, २०१८ त पुन्हा बंद पडल्या, आणि लिलावानंतर २०२४ त डिचोलीच्या खाणीपासून उत्खननाचा नवा अध्याय सुरू झाला. मये, शिरगाव, मुळगाव येथील लोक विहिरीचे पाणी आणि अंगणातली धूळ यांची तक्रार करतात तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणे सोपे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, किती टन खनिज गेले याचा हिशेब ज्या काटेकोरपणाने ठेवला जातो, त्याच काटेकोरपणाने त्या रस्त्याकडेच्या मुलांच्या फुप्फुसांचा हिशेब ठेवा, आणि तो दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. त्याच शिरगावात ३ मे २०२५ च्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. गर्दीची आखणी, वाटांची रुंदी, जवळ सज्ज असलेले वैद्यकीय पथक, हीही सार्वजनिक आरोग्याचीच कामे होत. देवीवर भार टाकून माणसाला त्यांतून सुटता येत नाही.

आणि आता तर शत्रूच पालटला आहे. २०२३ त प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे साऱ्या देशात सर्वाधिक आहे. देशाची सरासरी ११.४ टक्के. पटकी एका रात्रीत घर रिकामे करी म्हणून तिची भीती वाटे. साखरेचा रोग वीस वर्षे सावकाश पोखरतो, म्हणून त्याची वाटत नाही. डोळा, मूत्रपिंड, पाय, हृदय यांचा तो एकेक करून घास घेतो. या रोगाशी झुंज बांबोळीच्या टोलेजंग इमारतीत होणार नाही. दर महिन्याला रक्त तपासून, औषध देऊन आणि दोन शब्द समजावून सांगून ती गावातल्या उपकेंद्रातच लढावी लागेल.

म्हणूनच पेडण्याच्या प्रश्नाला आम्ही एवढे महत्त्व देतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी एकाच दिवशी मोपाच्या विमानतळाचे आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. दोहोंचेही आम्ही स्वागत करतो. भाऊ दाजींच्या महालात आयुर्वेदाचे संशोधन व्हावे याहून औचित्यपूर्ण ते काय? पण त्याच तालुक्यात तुयेच्या शंभर खाटांच्या इस्पितळाची इमारत उभी राहिल्यावरही ते चालू व्हावे, गोमेकॉशी जोडले जावे, यासाठी पेडणेकरांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, रस्त्यावर उतरावे लागले. महामार्गावर अपघात झाला किंवा मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली की, म्हापसा अथवा बांबोळी गाठेपर्यंत जो वेळ जातो तोच पुष्कळदा माणूस घेऊन जातो. विमानाने तासाभरात मुंबई गाठता येते आणि रोग्याला त्याच तासाभरात तज्ज्ञ डॉक्टर गाठता येत नाही, ही विसंगती किती दिवस चालवायची? फीत कापली म्हणजे इस्पितळ सुरू झाले असेही नव्हे. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्तसाठा आणि रात्रपाळीच्या परिचारिका, एवढे जेथे अहोरात्र असेल त्यालाच इस्पितळ म्हणावे. बाकी नुसता चुना आणि विटा.

आमची मागणी आभाळाला हात लावणारी नाही. तुये येथे वरील अर्थाने परिपूर्ण इस्पितळ चालावे व त्याचा अहवाल दर सहामाहीस प्रसिद्ध व्हावा. सरहद्दीच्या पाच तालुक्यांसाठी रोगनिरीक्षणाची संयुक्त यंत्रणा असावी. खाणपट्ट्यातील प्रत्येक गावाची आरोग्यतपासणी ठराविक मुदतीने व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठी व कोकणीत लोकांपुढे यावेत. आणि उपकेंद्रांतील रिकाम्या जागा रिकाम्या राहू नयेत. यासाठी पैसा कमी पडतो, हे दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असणाऱ्या राज्याने सांगू नये.

लोकांकडेही आमचे एक मागणे आहे. सत्ताधाऱ्यांकडे आपण रस्ता मागतो, नोकरी मागतो, मंडपासाठी वर्गणी मागतो. आरोग्य केंद्रात डॉक्टर किती आहेत हे मात्र मतदानाच्या वेळी क्वचितच विचारतो. गाऱ्हाणे देवापुढे घालावे, जरूर घालावे. पण एक प्रत पंचायतीच्या आणि विधानसभेच्या दारीही टाकावी.

पेडण्यातील पत्रादेवीच्या ज्या सरहद्दीवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या गोळ्या छातीवर घेतल्या, त्यांत देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे होती. आपला गाव, आपला प्रांत अशी वाटणी त्यांनी केली नाही. त्यांनी मिळवून दिलेल्या स्वातंत्र्यात मांद्रेच्या एखाद्या गरीब रोग्याला उपचारासाठी परगावी धावावे लागू नये, आणि मांद्रेच्या एखाद्या बुद्धिमान मुलाला वैद्य होऊन आपल्याच महालात राहावेसे वाटावे, एवढे झाले तरी पत्रादेवीच्या स्मारकापुढे मान वर करून उभे राहण्याचा अधिकार आपल्याला मिळेल. भाऊ दाजींचे नाव मुंबईने एका वास्तूला दिले. पेडण्याने ते एका चालत्या-बोलत्या, दिवसरात्र उघड्या असलेल्या इस्पितळाला द्यावे, असे आम्ही सुचवितो. नाव देण्यास खर्च येत नाही. ते सार्थ करण्यास मात्र येतो, आणि तो आता केलाच पाहिजे.